‘थोडा उजळ कर’: कळंबोलीच्या चौकातून दिसणारा रूपाचा इतिहास

बारावीच्या परीक्षेनंतर मी कळंबोलीत एका फ्लेक्सच्या दुकानात कामाला लागलो. काम सोपं होतं. व्हॉट्सअॅपवर फोटो यायचे, मागचा भाग कापायचा, चेहरे ओळीत लावायचे, वर ‘हार्दिक शुभेच्छा’ टाकायचं. वाढदिवस, निवड, दहीहंडी, सत्यनारायण, दशक्रिया, सगळं तिथंच छापलं जायचं. पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट लक्षात आली. बॅनरवर पंचवीस चेहरे असले तरी पंचवीस जणांचं मागणं एकच: ‘भाऊ, थोडा उजळ कर.’

महिनाभरात हाताला सवय लागली. कुणी सांगायची वाट न बघता मी प्रत्येक चेहऱ्याचा रंग वर ओढायचो, गालावरचे डाग पुसायचो, हनुवटीखालचं मांस जरा आत ढकलायचो. भावपूर्ण श्रद्धांजलीच्या बॅनरवरसुद्धा. गेलेल्या माणसाचा रंगही मी उजळलाय आणि त्याच्या घरच्यांनी ‘छान केलंस’ म्हणून मला चहा पाजलाय.

मग ताईचा बायोडेटा करायची वेळ आली. बायोडेट्याचे तयार नमुने आमच्या कॉम्प्युटरवर होतेच. नाव, जन्मवेळ, रास, नाडी, उंची, वर्ण. आई म्हणाली, ‘गोरी लिही.’ ताई म्हणाली, ‘सावळी लिही.’ शेवटी मराठीत अशा वेळेसाठीच ठेवलेला शब्द लिहिला: निमगोरी. फोटोचं काम माझ्याकडे होतं. ते मी मन लावून केलं.

पाहुणे आले. मुलाच्या आईने हातातल्या मोबाईलकडे पाहिलं, मग ताईकडे, मग परत मोबाईलकडे. ‘फोटोत वेगळी दिसते,’ एवढंच म्हणाल्या. पोहे खाऊन मंडळी गेली. रात्री भांडी घासताना ताई मला म्हणाली, ‘त्यांना आवडली ती तू केलेली होती. नाकारली ती मी.’

ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. कुठला चेहरा चांगला आणि कुठला नाही, हे मला कुणी शिकवलं होतं? फोटोशॉप शिकवलं होतं, पण चेहरा कुठल्या दिशेला न्यायचा हे कुणी सांगितलं नव्हतं. ते हाताला आधीच माहीत होतं. म्हणजे ते कुठून तरी आलं असणार. पुढची काही वर्षं मी मिळेल ते वाचत गेलो आणि एक गंमत कळली. कळंबोलीच्या सर्कलवरून जेवढे रस्ते फुटतात, त्यातल्या जवळजवळ प्रत्येक रस्त्यावर या प्रश्नाच्या उत्तराचा एकेक तुकडा पडलेला आहे.

पुण्याकडचा रस्ता: देवीला चेहरा कुणी दिला

२००२ मध्ये पूर्ण झालेला मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे आमच्या कळंबोलीपाशी सुरू होतो. घाट चढून लोणावळा ओलांडलं की कार्ला आणि भाजे यांच्या मधल्या पट्ट्यात मळवली नावाचं छोटं स्टेशन लागतं. इथं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी एक छापखाना होता आणि भारतातल्या लाखो भिंतींवर कुणाचे चेहरे लागणार, हे तिथं ठरत होतं.

राजा रविवर्मा हे मूळचे केरळच्या किळिमानूरचे. १८९४ मध्ये त्यांनी मुंबईत लिथोग्राफीचा छापखाना काढला. जर्मनीहून यंत्रं आणली, तंत्रज्ञ आणले. काही वर्षांतच मुंबईत प्लेग पसरला आणि छापखाना मळवलीला हलला. पुढे फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने तो विकत घेतला आणि रविवर्मांच्या पश्चातही बरीच वर्षं तिथून चित्रं निघत राहिली. १९७२ च्या आगीत तो जळाला.

या छापखान्याने काय बदललं हे समजायला मळवलीहून कार्ल्याचा डोंगर चढावा लागतो. तिथं एकवीरा आई आहे, आमच्या भागातल्या आगरी-कोळ्यांची देवी. शेंदूर लावलेली मूर्ती, मोठे डोळे. तिचा वर्ण कुठला, कंबर किती, असा प्रश्न कुणाच्या मनातही येत नाही. तिच्या शेजारीच सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं बौद्ध लेणं आहे. दाराशी दगडात कोरलेली स्त्री-पुरुषांची जोडपी आहेत. दोघंही भरदार, रुंद खांद्यांची, उघड्या अंगाने निवांत उभी. आजच्या मापाने त्यातल्या कुणालाच जाहिरातीत काम मिळणार नाही.

रविवर्मांच्या लक्ष्मी-सरस्वती यांच्याहून वेगळ्या होत्या. युरोपीय तैलचित्रांची छाया-प्रकाशाची पद्धत, गोरा रंग, रेखीव नाक, मऊ गोल हात आणि अंगावर महाराष्ट्रातल्या बायका नेसतात तशी साडी. त्यांच्या चित्रांसाठी मराठी आणि गोमंतकीय स्त्रिया समोर बसल्या होत्या. गायिका अंजनीबाई मालपेकर यांचंही नाव त्यात घेतलं जातं. म्हणजे खऱ्या बायकांकडे बघून देवी काढल्या गेल्या, त्या छापून घराघरांत गेल्या आणि मग खऱ्या बायकांना त्या देवींच्या मापाने तोललं जाऊ लागलं. ‘लक्ष्मीसारखी आहे’ या वाक्याला पूर्वी गुणाचा अर्थ होता. आता त्याला चेहराही मिळाला.

हा चेहरा मात्र बारीक नव्हता. तो काळ आठवा. १८९६-९७ चा दुष्काळ, मग प्लेग, मग १८९९-१९०० चा दुष्काळ. माणसं वाळून मरत असताना भरलेलं अंग हीच समृद्धीची खूण होती. आपली भाषा अजून त्याच काळात उभी आहे. मूल ‘बाळसं धरतं’, पोरगी ‘अंग धरते’, घर ‘खातंपितं’ असतं आणि किडकिडीत माणूस ‘पाप्याचं पितर’ असतो. १९७२ च्या दुष्काळात सुकडी खाऊन दिवस काढलेली माझी आजी कुणी जाड झालं की समाधानाने म्हणायची, ‘तब्येत सुधारली गं तुझी.’ आज हेच वाक्य लग्नाच्या मांडवात कुणी म्हटलं, तर ऐकणारी घरी जाऊन रात्रीचं जेवण सोडते. शब्द तेच राहिले, फक्त मधल्या काळात भूक एका जागेवरून दुसऱ्या जागी गेली.

पुरुषाने शिकवलेलं बाईपण

मळवलीच्या छापखान्याशी काही काळ धुंडिराज गोविंद फाळके यांचा कामाचा संबंध होता. चित्रं छापण्याच्या धंद्यातून ते पुढे हलत्या चित्रांकडे गेले. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी त्यांना तारामती मिळेना. सिनेमात काम करायला एकही बाई तयार होईना. शेवटी एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये तर राम आणि सीता या दोन्ही भूमिका साळुंक्यांनीच केल्या. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला, म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले, यांनी काम केलं, तेव्हा कुठे मराठी बाई स्वतःच्या अंगाने पडद्यावर आली.

रंगभूमीवर तर याहून मोठी गोष्ट चालली होती. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, जन्म १८८८. १९०५ मध्ये ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले, १९१३ मध्ये त्यांची स्वतःची गंधर्व नाटक मंडळी निघाली. त्यांच्या शकुंतला, भामिनी, रुक्मिणी, सिंधू बघायला बायका यायच्या आणि घरी जाऊन तसं नेसायच्या, तसा अंबाडा घालायच्या, तसा गजरा माळायच्या. शालू कसा चापूनचोपून बसवावा, मान कशी वळवावी, लाजावं कसं, हे महाराष्ट्रातल्या पांढरपेशा घरांतल्या एका पिढीने एका पुरुषाकडून उचललं.

यावर हसण्याआधी थोडं थांबायला हवं. चांगल्या घरच्या बाईने रंगमंचावर उभं राहायचं नाही, हा समाजाचा नियम. त्या नियमामुळे जागा रिकामी झाली आणि ती एका असामान्य कलावंताने भरली. मग त्याच समाजाने आपल्या बायकांना सांगितलं, बघा, बाई अशी असावी. ‘बाईपण उपजत असतं’ असं कुणी म्हणालं की मला हा इतिहास आठवतो. उपजत असतं तर ते तिकीट काढून शिकावं लागलं नसतं.

बालगंधर्वांनाही या प्रतिमेने सोडलं नाही. शरीर सुटलं, वय झालं, तरी लोकांना त्यांच्यात रुक्मिणीच हवी होती. १९३५ मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’त ते संत एकनाथ म्हणून पुरुषवेशात पडद्यावर आले, पण प्रेक्षकांच्या मनातले बालगंधर्व ते नव्हते. पन्नाशी उलटल्यावरही ते स्त्रीवेशात रंगमंचावर उभे राहत होते. ज्याने सगळ्यांना आरसा दिला, त्याला स्वतःच्या शरीराने म्हातारं व्हायची मोकळीक मिळाली नाही.

लोखंड उचलणारी दोन माणसं

आता आमच्या घराकडे येतो. मुंबईतली गर्दी कमी करायला सिडकोने लोखंडाचा बाजार कळंबोलीला आणला. माझे वडील, आबा, सातारा जिल्ह्यातून येऊन या बाजारात माथाडी झाले. माथाडी म्हणजे डोक्यावर ओझं वाहणारा. १९६९ च्या कायद्याने या कामगारांना संरक्षण मिळालं, पण ओझं हलकं झालं नाही. आबांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आहे. मानेच्या मागे कातडीचा जाड गठ्ठा आहे. दंड दगडासारखे आणि पोट सुटलेलं.

आमच्या इमारतीपासून दोन गल्ल्यांवर, दुकानांच्या वरच्या मजल्यावर जिम आहे. तिथंही लोक लोखंडच उचलतात. आबांना लोखंड उचलायचे पैसे मिळतात, तिथं ते द्यावे लागतात. एकदा आबांना मी जिमच्या खिडकीतून दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ‘उचलून परत तिथंच ठेवतायत की.’

दाखवण्यासाठी घडवलेलं पुरुषी शरीर आपल्याकडे कसं आलं, त्याचा धागा आमच्याच सातारा जिल्ह्यात सापडतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युजिन सँडो नावाचा प्रशियात जन्मलेला माणूस लंडनमध्ये गाजत होता. तो ग्रीक पुतळ्यांच्या मापांबरहुकूम शरीर कमावल्याचं सांगायचा आणि संगमरवरासारखं दिसावं म्हणून अंगाला पांढरी पावडर लावून उभा राहायचा. १९०१ मध्ये त्याने लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये शरीरसौष्ठवाची मोठी स्पर्धा भरवली. शेरलॉक होम्सचे लेखक आर्थर कॉनन डॉइल तिथं परीक्षक होते. १९०४-०५ मध्ये सँडो भारतातही येऊन गेला. आपण घालतो त्या सँडो बनियनचं नाव त्याच्यावरूनच पडलं, असं मानलं जातं.

औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी तरुणपणी या सँडोच्या नादी लागले. त्याची पुस्तकं आणि साधनं मागवून त्यांनी वर्षानुवर्षं व्यायाम केला. पुढे त्यांना वाटलं, यात छाती-दंड फुगतात पण सगळ्या शरीराला फायदा होत नाही. मग ते सूर्यनमस्काराकडे वळले, संस्थानातल्या शाळांत तो सक्तीचा केला, त्यावर पुस्तकं लिहिली. १९३८ मध्ये लंडनहून ‘द टेन-पॉइंट वे टू हेल्थ’ हे त्यांचं इंग्रजी पुस्तक निघालं. गोऱ्या साहेबाने नेटिव्ह माणसाला दुबळं म्हणायचं आणि नेटिव्हाने शरीर कमावून उत्तर द्यायचं, असा तो काळ होता. तालमी, आखाडे, व्यायामशाळा यांना त्यातून बळ मिळालं. १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक जिंकणारे गोळेश्वरचे खाशाबा जाधव हे याच मातीतले. बँटमवेट गटातला लहानखुरा माणूस, आणि कुस्ती अशी की समोरचा चीत.

खाशाबांच्या शरीराला काम होतं. आबांच्या शरीरालाही आहे. २००७-०८ च्या सुमारास ‘ओम शांती ओम’ आणि ‘गजनी’ आले आणि पोटावरच्या सहा वड्या ही पुरुषाची नवी ओळख झाली. मुंबई श्री, रायगड श्री या स्पर्धा आधीपासून होत्या, पण तिथं उतरणारे मोजके असायचे. आता स्पर्धेत न उतरणाऱ्यालाही मार्क पडू लागले. माझा एक मित्र पोळी-भात सोडून डब्यातल्या पावडरीवर राहिला. त्याला विचारलं, ‘कशासाठी?’ तो म्हणाला, ‘शर्ट काढल्यावर बरं दिसायला.’ तो शर्ट कुठे काढणार होता, हे त्यालाही सांगता आलं नाही.

गोव्याकडचा रस्ता: नाकाचं माप

पनवेलवरून मुंबई-गोवा रस्त्याने दक्षिणेला निघालं की रायगड जिल्हा उघडत जातो. तेव्हा तो कुलाबा जिल्हा होता. या रस्त्यावर महाड आहे. डिसेंबर १९२७ मध्ये तिथं जमलेल्या दलित स्त्रियांपुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भाषण केलं. त्यातला एक मुद्दा अंगावरच्या खुणांचा होता. तुमची लुगडं नेसण्याची पद्धत, गळ्यातले आणि हातातले ते जाड दागिने, यांच्यावरून तुमची जात ओळखली जाते, त्या खुणा टाकून द्या आणि नीट, स्वच्छ, पायघोळ नेसा, असं त्यांनी सांगितलं. तिथल्या तिथे अनेकींनी नेसणं बदललं, असं त्या परिषदेच्या आठवणींत सांगितलं जातं.

फ्लेक्सच्या दुकानात बसून हे वाचताना मला दिसलं की ‘दिसणं’ हा फक्त सुंदर-कुरूपाचा प्रश्न कधीच नव्हता. कुणी किती कपडा घालायचा, कुठला धातू घालायचा, हे जातीने ठरवलेलं होतं. पाहणाऱ्याला एका नजरेत कळलं पाहिजे की समोरच्याला किती अंतरावर उभं करायचं. म्हणून महाडला लुगड्याचा काठ घोट्यापर्यंत खाली आला, ती फॅशन नव्हती.

इंग्रज सरकारने तर या नजरेला फूटपट्टी दिली. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिझले यांनी नाकाची रुंदी आणि लांबी मोजून गुणोत्तर काढलं आणि दावा केला की नाक जितकं रुंद तितकी जात खालची. ‘नाकी डोळी नीटस’ हे आपलं लग्नाच्या बाजारातलं वाक्य असं सरकारी कागदावर विज्ञान म्हणून चढलं. मुंबई विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या पुस्तकात आकडे तपासून दाखवलं की बहुतेक प्रांतांत हा दावा टिकत नाही. बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये नाकांच्या मापांचाच आधार घेऊन ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे नाहीत, असं मांडलं. पट्टी ज्याने अपमानासाठी आणली, तिनेच त्याचं म्हणणं खोडलं गेलं.

पण कागदावर खोडलेलं मनातून जात नाही. नागराज मंजुळेंचा ‘फँड्री’ तुम्ही पाहिला असेल. त्यातला जब्या आरशासमोर उभा राहून तोंडाला पावडर फासतो आणि नाक सरळ व्हावं म्हणून नाकाला कपड्याचा चिमटा लावतो. थिएटरात माझ्या आजूबाजूला लोक हसले. मीही हसलो. मग आठवलं, शाळेत असताना मीही रात्री नाक दाबून झोपायचो.

याच रस्त्यावर, पनवेलपासून दहा-बारा किलोमीटरवर कर्नाळ्याचा सुळका आहे. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरचा, जब्बार पटेलांचा १९७७ चा ‘जैत रे जैत’ या परिसरातल्या ठाकर समाजाची गोष्ट सांगतो. त्यातली चिंधी म्हणजे स्मिता पाटील. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, त्यानंतरच्या काळात स्मिता तिथं मराठी बातम्या वाचायच्या. घराघरांत टीव्ही नव्हते, पण जिथं होते तिथं संध्याकाळी एक सावळी मुलगी समोर बसून बातम्या सांगायची. माझी आई अजून म्हणते, ‘आमच्या वेळी ती होती म्हणून आम्हाला बरं वाटायचं.’ पडद्यावर आपल्यासारखं कुणी असणं याचा एवढाच उपयोग असतो, आणि तो छोटा नसतो. १९८६ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी ती गेली.

मुंबईकडचा रस्ता: विकत मिळणारा रंग

विठोबा सावळा, राम सावळा, कृष्ण तर नावानेच काळा. पंढरीच्या वाटेवर शेकडो वर्षं या सावळ्या रूपासाठी माणसं चालत आली आहेत. तरीही घरात मुलगी जन्मली की आधी रंग बघतात. हा दुटप्पीपणा मुंबईतल्या कारखानदारांनी निर्माण केला नाही. त्यांनी तो ओळखला आणि बाटलीत भरला.

१९१९ च्या सुमारास इब्राहिम सुलतानअली पाटणवाला यांनी मुंबईत ‘अफगाण स्नो’ आणलं. पांढरीशुभ्र क्रीम, निळी बाटली. कित्येक पिढ्यांना चेहऱ्याची क्रीम म्हणजे ‘स्नो’ एवढंच माहीत होतं. १९४१ मध्ये मराठी नटी लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातीत आल्या, तिथवर पोचलेल्या पहिल्या भारतीय अभिनेत्री म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. त्याआधी तीनच वर्षं, १९३८ मध्ये, आचार्य अत्र्यांनी लिहिलेल्या आणि मास्टर विनायकांच्या ‘ब्रह्मचारी’त मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात दिसल्या आणि मोठा गहजब झाला. त्या सिनेमाची गोष्ट आजही लागू पडते. नायक ब्रह्मचर्यावरचं भाषण ऐकून भारावतो, घरातली सिनेनट्यांची चित्रं फेकून देतो आणि व्यायामाला लागतो. एका प्रतिमेला कंटाळून तो दुसऱ्या प्रतिमेच्या मागे धावतो.

त्याच मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढत होते, १९२७ ते १९५३. मुखपृष्ठावर नग्न चित्र असायचं. शरीराची लाज वाटावी असं त्यात काही नाही, हे त्यांचं म्हणणं. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील होते बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले. कर्व्यांचं मासिक तोट्यात चाललं आणि क्रीमचा धंदा नफ्यात. लाज विकली जाते, निर्लज्जपणाला गिऱ्हाईक नसतं.

१९७५ मध्ये हिंदुस्तान लिव्हरने ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आणली. पुढची पंचेचाळीस वर्षं जाहिरातींचा साचा तोच होता: सावळी मुलगी, नोकरी नाही, स्थळ नाही, काही आठवड्यांत गोरी, मग सगळं. २००३ मध्ये अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने तक्रारी लावून धरल्यावर या क्रीमच्या काही जाहिराती बंद झाल्या. २०१४ मध्ये जाहिरात मानक परिषदेने नियम केला की सावळ्या माणसाला दुःखी, अपयशी किंवा कमी प्रतीचा दाखवायचं नाही. मधल्या काळात, २००५ मध्ये, पुरुषांसाठीही वेगळी गोरेपणाची क्रीम आली होती. समानता आली, ती अशी.

२०२० मध्ये अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडचा पोलिसांच्या गुडघ्याखाली जीव गेला आणि त्याचा धक्का इथल्या बाटल्यांपर्यंत पोचला. ‘फेअर’ जाऊन ‘ग्लो’ आलं. शादी डॉट कॉमने स्त्रियांच्या ऑनलाइन मागणीनंतर वर्णाचा फिल्टर काढला. आमच्या फ्लेक्सच्या दुकानातल्या बायोडेट्याच्या नमुन्यात ‘वर्ण’ ही ओळ आजही आहे.

हातातला आरसा

या सगळ्या रस्त्यांवर फिरून मला एक फरक ठळक दिसला. लक्ष्मीचं चित्र भिंतीवर होतं. बालगंधर्व रंगमंचावर होते. सँडो फोटोत, लीला चिटणीस वर्तमानपत्रात, १९९४ च्या विश्वसुंदरी टीव्हीवर. त्या प्रत्येकाकडे बघून माणूस हळहळत असेल, पण मनात कुठेतरी माहीत असायचं की ती देवी आहे, तो नट आहे, ती नटी आहे. आपण आपण आहोत.

आज तुमच्या फोनमध्ये जो सुंदर चेहरा आहे तो तुमचाच आहे. नाक थोडं बारीक, डोळे थोडे मोठे, कातडी एकसारखी. कित्येक फोनचा कॅमेरा न विचारताच हे करतो, जसा मी करायचो. रविवर्मांच्या देवीशी बरोबरी झाली नाही म्हणून कुणी आरशात रडत बसलं नसेल. स्वतःच्याच फोटोशी बरोबरी झाली नाही म्हणून माझी बहीण त्या रात्री भांड्यांच्या आवाजाआड रडली, आणि तो फोटो मी बनवला होता. या इतिहासात मी नुसता वाचक नाही. मळवलीच्या छापखान्यातल्या यंत्राचं एक छोटं चाक आमच्या दुकानात फिरतं आणि त्याला हात माझा आहे.

ताईने पुढे बायोडेटा स्वतः केला. वर्णाची ओळ काढून टाकली. फोटो लावला तो कर्नाळ्याच्या ट्रेकचा, घामेजलेला, उन्हात डोळे किलकिले केलेला. आत्याने फोन करून विचारलं, ‘वर्ण लिहायचा राहिला का गं?’ ताई म्हणाली, ‘राहिला नाही आत्या, फोटोत दिसतोय.’

मागच्या वर्षी आबा निवृत्त झाले. बाजारातल्या त्यांच्या टोळीने वर्गणी काढून बॅनर करायचं ठरवलं आणि काम अर्थातच माझ्याकडे आलं. आबांबरोबर तीस वर्षं ओझी वाहिलेले काका दुकानात येऊन बसले. फोटो बघितला आणि सवयीने म्हणाले, ‘थोडा उजळ कर रे.’ मी माऊस हातात धरून थोडा वेळ बसलो. मग तसाच फोटो छपाईला पाठवला. खाली उतरलेला उजवा खांदा, कपाळावरच्या आठ्या, तीस वर्षांच्या उन्हाचा रंग, काही हलवलं नाही.

बॅनर लागलं तेव्हा आई म्हणाली, ‘फोटो काळा का आला?’

आबांनी मान वर करून नीट बघितलं. म्हणाले, ‘काळा कुठे, माझ्यासारखाच आलाय की.’